दादाची केस आणि तुझी बारावी

(नाव-पत्ता गाळून पत्राचा सारांश: मुलगी इंदूरची, बारावी कॉमर्स. मोठा भाऊ ब्राउन शुगरच्या नादी लागला, तीन महिन्यांपासून सेंट्रल जेलमध्ये आहे. आई डबे करते. बांगड्या मोडून वकिलाचे पैसे दिले. मुलीचा निश्चय, "वकील होऊन दादाला सोडवीन." आईचा आग्रह, बँकेची परीक्षा दे. आत्याचं म्हणणं, घरात केस असली की सरकारी नोकरी विसरा.)

बाळा,

आधी आत्याचं. पोलीस पडताळणीत तुझ्यावर कधी गुन्हा नोंदला का, तुला अटक झाली का, हे बघतात. भावाची केस तुझ्या नावावर चढत नाही. फॉर्ममध्ये विचारलं असेल ते मात्र खरं लिही. लपवाछपवीपायी लोकांच्या नोकऱ्या गेल्या आहेत.

आता वकिली. बारावीनंतरचा बी.ए. एलएल.बी. पाच वर्षांचा, मग सनद, मग कुणा सीनियरच्या फायली वाहणं. दादाला वकील हवाय तो या महिन्यात, आणि तो तू असू शकत नाहीस. कोठडीत असलेल्याला 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने फुकट वकील मिळतो. जिल्हा कोर्टातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कचेरीत आईबरोबर जा किंवा 15100 वर फोन करा. आता आणखी काही मोडू नका. वकिलाला एक नेमकं विचारा: पंचनाम्यात माल किती ग्रॅम लिहिलाय? ब्राउन शुगर म्हणजे हेरॉइनच; ते 5 ग्रॅमपर्यंत असेल तर कायदा त्याला अल्प मात्रा धरतो. अशा व्यसनी आरोपीने स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेतले, तर अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्याच्या कलम 64-अ खाली खटल्यातून सूट मिळू शकते. दादाला ते लागू पडतं का, हे वकील कागद बघून सांगेल.

मला खरी धास्ती आहे ती सुटकेनंतरची. "आत राहून सवय सुटेलच," असं तू लिहिलंस. ही सवय नाही गं, आजार आहे. आत पुडी मिळाली नाही की शरीराची झेपण्याची ताकद उतरते, ओढ मात्र तशीच राहते. बाहेर येऊन जुन्याच मापाने घेतलं तर श्वास थांबून माणूस जातो. म्हणून जामिनाच्या आधीच उपचाराची जागा ठरवा. नशामुक्ती हेल्पलाइन 14446 आहे, फोन आईने करावा. रात्री दादाचे खिसे तपासत बसणं हे तुझं काम नाही, हे आईलाही वाचून दाखव.

मग वकिली नकोच का? तसं नाही. कोर्टाच्या पायऱ्यांवर बसून जामीन अर्जातलं हिंदी तू आईला मराठीत समजावलंस, हे तू जाताजाता लिहिलंस. मी त्या ओळीवर थांबलो. दादा उद्या घरी आला, तरीही असे कागद वाचावेसे वाटतील? उत्तर हो असेल तर खुशाल शीक. क्लॅट, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा, डिसेंबरमध्येच होऊन गेली, त्यामुळे यंदा भोपाळचं राष्ट्रीय विधी विद्यापीठ नाही. तिथला खर्च पाहता फार हळहळू नकोस. आपल्या देवी अहिल्या विद्यापीठाच्या विधी विभागात पाच वर्षांचा कोर्स आहे, प्रवेश सीयूईटी या सामायिक प्रवेश परीक्षेतून. घरून ये-जा होईल, आईच्या हाताशीही राहशील.

आणि आईशी भांडायचं कारणच नाही. बँकेत क्लार्क व्हायलाही पदवी लागते, वय किमान 20 लागतं. म्हणजे बारावीनंतर लगेच ती परीक्षा देताच येत नाही. कायद्याची पदवी घेऊनही ती देता येते, शिवाय बँका विधी अधिकारी वेगळे भरतात. आईला हे कुणी सांगितलेलं दिसत नाही.

फेब्रुवारीत बोर्ड आहे. तेवढा महिना मुलाकातीला आईला एकटीला जाऊ दे. तू दादाला पत्र लिही. जेलमध्ये पत्रं पोचतात, पण आधी उघडून वाचली जातात, तेवढं ध्यानात ठेवून लिही.