‘येशूचे भाऊ’ : सहोदर, सावत्र की मावसभाऊ?

मार्ककृत शुभवर्तमानाच्या 6व्या अध्यायात याकोब, योसे, यहूदा आणि शिमोन हे येशूचे भाऊ म्हणून नावानिशी येतात. असे असताना कॅथलिक चर्च मरियेला ‘नित्य कुमारी’ कसे म्हणते, आणि मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘चुलतभाऊ’ असाही होतो हे खरे का, अशी पृच्छा एका वाचकाने केली आहे.

प्रथम संज्ञांविषयी, कारण मराठी लेखनात तीन वेगळ्या श्रद्धांची नेहमी सरमिसळ होते. मरियेने पुरुषसंगाविना येशूला गर्भात धारण केले, हा ‘कुमारी जन्म’ बहुतेक प्रोटेस्टंट पंथांनाही मान्य आहे. ‘निष्कलंक गर्भसंभव’ हा सिद्धांत पोप नववे पायस यांनी 1854 मध्ये घोषित केला; तो स्वतः मरियेच्या गर्भसंभवाविषयी (ती आईच्या उदरात आली तेव्हापासूनच मूळ पापापासून मुक्त होती, असा) आहे, येशूच्या नव्हे. ‘नित्य कौमार्य’ म्हणजे प्रसूतीपूर्वी, प्रसूतीच्या वेळी आणि प्रसूतीनंतरही ती कुमारीच राहिली, ही श्रद्धा. भावांचा प्रश्न उद्भवतो तो या तिसऱ्या भागात.

मूळ ग्रीक शब्द ‘अडेल्फोस’ असा आहे. व्युत्पत्तीने तो आपल्या ‘सहोदर’ शब्दासारखाच, म्हणजे ‘एकाच उदरातला’ असा आहे, आणि त्यावरून हे मरियेचेच पुत्र होते असा निष्कर्ष काढणारेही भेटतात. परंतु व्युत्पत्ती म्हणजे वापर नव्हे. मार्कच्या त्याच अध्यायात, थोडे पुढे, फिलिप हा हेरोदाचा ‘अडेल्फोस’ म्हटला आहे, आणि त्या दोघांचा पिता एक असला तरी माता भिन्न होत्या. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात तर अब्राम आपला पुतण्या लोट याला उद्देशून ‘आपण भाऊबंद आहोत’ म्हणतो, तेथेही हाच शब्द आहे; मूळ हिब्रू शब्द ‘आह’ नात्यातल्या कोणालाही लागू पडतो. मराठी वाचकाला हे समजणे अवघड नाही, कारण आपणही आतेभाऊ, मामेभाऊ, चुलतभाऊ या सर्वांना बोलताना नुसते ‘भाऊ’ म्हणतो आणि गरज पडली तरच ‘सख्खा’ हे विशेषण जोडतो.

चौथ्या शतकातला वाद या नात्यांच्या भाषेत नेमका मांडता येतो. हेल्विडियस या ख्रिस्ती लेखकाच्या मते हे मरिया आणि योसेफ यांचे पुत्र होते, म्हणजे येशूचे सहोदर. (येशू योसेफापासून झाला नाही असे मानले, तर येथे ‘सख्खे’ म्हणता येणार नाही.) सायप्रसचा बिशप एपिफानियस याच्या मते ती योसेफाच्या आधीच्या विवाहाची मुले, म्हणजे सावत्र भाऊ, पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये हेच मत रूढ झाले. बायबलचा लॅटिन भाषांतरकार जेरोम याने 383 च्या सुमारास हेल्विडियसचे खंडन करताना त्यांना मावसभाऊ ठरवले: वधस्तंभाजवळ उभी असलेली, धाकट्या याकोबाची आणि योसेची आई मरिया ही येशूच्या आईची बहीण होती, असे त्याचे म्हणणे. पाश्चात्त्य चर्चने पुढे मुख्यतः जेरोमचा मार्ग धरला.

यांपैकी जेरोमचे स्पष्टीकरण मला भाषेच्या दृष्टीने सर्वांत दुबळे वाटते. ग्रीकमध्ये चुलत-मावस नात्यासाठी ‘अनेप्सिओस’ हा स्वतंत्र शब्द होता, आणि कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात मार्कचे बर्णबाशी असलेले नाते सांगताना तो वापरलाही आहे. शुभवर्तमाने हिब्रूतून भाषांतरित झालेली नसून ग्रीकमध्येच लिहिली गेली, याचाही विचार करावा लागतो. मात्र ‘अशक्य’ आणि ‘कमी संभाव्य’ यांत अंतर आहे, आणि सावत्र नात्याला तर ‘अडेल्फोस’ सहज चालतो.

दुसरा वाद ‘पर्यंत’ या शब्दावरून होतो. पुत्राचा जन्म होईपर्यंत योसेफाने मरियेशी समागम केला नाही, असे मत्तय म्हणतो. मग नंतर केला असे समजायचे का? ‘शौलाची कन्या मीखल हिला मरेपर्यंत मूल झाले नाही’, या दुसऱ्या शमुवेलातील विधानावरून मरणानंतर झाले असा अर्थ कोणी काढत नाही. ‘पर्यंत’ एक मर्यादा सांगतो आणि पलीकडचे संदर्भावर सोडतो. मत्तयाचा संदर्भ येशूच्या जन्मापुरता आहे, तेव्हा त्या वाक्याकडून दोन्ही पक्षांनी अधिक मागू नये.

या श्रद्धेचा आधार मुळात एकट्या ‘भाऊ’ शब्दावर उभा नाही. योसेफ हा मुले असलेला वृद्ध विधुर होता, ही कथा दुसऱ्या शतकातील ‘याकोबाचे आद्यशुभवर्तमान’ या ग्रंथात आढळते. 553 च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने मरियेसाठी ‘नित्य कुमारी’ हे विशेषण वापरले. आणि परंपरेपेक्षा शास्त्राला प्रमाण मानणारा मार्टिन ल्यूथरही ही श्रद्धा बाळगून होता. म्हणून मराठी बायबलमध्ये नुसता ‘भाऊ’ शब्द ठेवला आहे तो योग्यच आहे. तेथे ‘सख्खे’ किंवा ‘मावस’ घालणारा भाषांतरकार ग्रीक वाक्यात नसलेला निर्णय वाचकाच्या गळी उतरवील.