ऑटिस्टिक व्यक्तींना स्वतःच्या देहबोलीची जाणीव असते का?

असते, पण सगळ्यांना सारखी नाही. हात फडफडवणं, पुढेमागे डोलणं बऱ्याचदा नकळत चालू असतं. कुणी टोकलं की मगच लक्षात येतं. चेहऱ्याचंही तेच. मनातून खूश असलेला माणूस भेटवस्तू उघडतो, चेहरा मात्र कोरा, आणि घरचे विचारतात, "आवडलं नाही का रे?" त्याला वाटत असतं, आपण हसतोय की!

दुसऱ्या बाजूबद्दल फारसं बोललं जात नाही. काहींना ही जाणीव नको तितकी असते. हात कुठे ठेवायचे, समोरच्याच्या डोळ्यांत किती वेळ बघायचं, मान कधी डोलवायची, हे सगळं ते ठरवून करतात. याला मास्किंग म्हणतात. २०१९ मध्ये मास्किंग मोजणारी एक प्रश्नावली आली, तिच्यात स्वतःच्या देहबोलीवर लक्ष ठेवण्याबद्दल थेट विचारलेलं आहे. दिवसभर ऑफिसात हे केलं की संध्याकाळी माणूस पार गळून जातो. (समोरचा काय बोलला ते निम्मं डोक्यावरून जातं, ते वेगळंच.)

आणि नजर दिली नाही म्हणजे लक्ष नाही, हे तर साफ चूक. खाली बघितलं की जास्त नीट ऐकू येतं, असं सांगणारे ऑटिस्टिक लोक कितीतरी आहेत.