खारजमिनीत एकाच खाचरातलं भात कुठे हिरवं, कुठे पिवळं का?

खार सगळीकडे सारखा नसतो म्हणून. उंचवट्यावर पाणी टिकत नाही; खालचं खारं पाणी वर चढून सुकतं, मीठ मागे राहतं. उघाडी (बांधातलं पाणी सोडायचं झडपेचं दार) गळत असेल तर तिथे भरतीचं पाणी शिरतं, ते वेगळंच.

मातीच्या संपृक्त अर्काची (पाण्याने पुरती भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची) विद्युतवाहकता, म्हणजे खारटपणाचं माप, साधारण 3 डेसीसायमन प्रति मीटरच्या वर गेली की भाताचं उत्पन्न घटू लागतं. मुळांना पाणी ओढवत नाही, पर्णरंध्रं मिटतात, कार्बन डायऑक्साइड आत कमी जातो. प्रकाशसंश्लेषण आधी इथेच मंदावतं. पानं करपतात ती नंतर, सोडियम साचल्यावर, तीही जुनी पानं आधी आणि टोकापासून. खाऱ्या डागाच्या कडेची रोपं फसवी: काही मुळं गोड्या मातीत असली की रोप तिकडून जास्त पाणी घेऊन तग धरतं.

सगळ्या शेताचा एकच मिश्र नमुना देऊ नका, सरासरीत डाग लपतो. उन्हाळ्यात पांढरा डाग आणि चांगला भाग यांचे 0-15 सेंमीचे नमुने वेगळे काढा. चिखलणीत उंचवटे मोडा. लावणीआधी पावसाचं पाणी साचवून ओहोटीला उघाडीतून सोडा, दोन-तीनदा तरी. लावणीला महिन्याची रोपं, चुडात (एका जागी लावायच्या जुडीत) 3-4. वाण पनवेल-3 सारखा क्षार सोसणारा. जमीन चोपण (सोडियम जास्त असलेली) नसेल तर जिप्समवर पैसे घालू नका.