यूट्यूबला आवाज येतो, सिनेमाला नाही? नवी स्टिक घेऊ नका

भाऊ, तुम्ही लिहिलंय की चित्र स्वच्छ दिसतं, यूट्यूबवर गाणी ऐकू येतात, पण सिनेमा लावला की नुसते ओठ हलतात. आणि नागपूरच्या बर्डीवरचा दुकानदार म्हणतो स्टिक, म्हणजे टीव्हीला लावून इंटरनेटवरचे सिनेमे दाखवणारं ते छोटं यंत्र, गेली. स्टिक गेली असती, वायर गेली असती, तर यूट्यूबही मुकं झालं असतं. पैसे अजिबात घालवू नका.

होतं असं, की यूट्यूबचा साधा दोन चॅनेलचा (डावा-उजवा) आवाज स्टिक स्वतःच उलगडून पीसीएम, म्हणजे न दाबलेल्या साध्या रूपात टीव्हीला देते, आणि पीसीएम प्रत्येक टीव्हीला कळतो. सिनेमाचा आवाज मात्र बहुतेक वेळा डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये, म्हणजे अनेक स्पीकरांसाठी दाबून भरलेल्या रूपात असतो. स्टिक तो न उलगडता तसाच पुढे ढकलते, आणि जुन्या टीव्हीला तो उलगडता येत नाही, म्हणून तो गप्प बसतो.

फायर टीव्ही असेल तर सेटिंग्जमध्ये डिस्प्ले अँड साउंड्स, मग ऑडिओ, मग सराउंड साउंड, तिथे पीसीएम निवडा. गूगल टीव्हीवर अॅडव्हान्स्ड साउंडमध्ये फॉरमॅट 'नन' (None) करा. सिनेमा पूर्ण बंद करून परत लावा, नाहीतर जुनाच फॉरमॅट चालू राहतो.

पण त्याआधी टीव्हीचा आवाज कमी करा, हे आवर्जून सांगतो. मागच्या मे महिन्यात नागपुरातल्या महाल भागातल्या आमच्या घरी आई दुपारी सिनेमा बघत होती. कूलरच्या घरघरीत आवाज दबतोय असं वाटून तिने तो वाढवत वाढवत शेवटापर्यंत नेला. मी पीसीएम केलं आणि खोलीत असा धडाका झाला की झोपलेलं बाळ दचकून रडायला लागलं.

साउंडबार असेल तर गोष्ट थोडी वेगळी. ऑप्टिकल वायरीतून (हिच्यातून आवाज उजेडाच्या रूपात जातो) पीसीएमचे दोन चॅनेल किंवा साधं डॉल्बी डिजिटल ५.१, म्हणजे पाच स्पीकर आणि एका बासचा आवाज जातो, डॉल्बी डिजिटल प्लस जात नाही. तेव्हा तिथेही पीसीएम, किंवा साउंडबार डॉल्बीचा असेल तर डॉल्बी डिजिटल ठेवा. वायरीच्या टोकावरची इवलीशी पारदर्शक टोपी काढलीय ना, तेही बघा. टीव्ही चालू असताना साउंडबारकडचं टोक बाहेर काढलं की त्यातून लाल उजेड दिसायला हवा. एचडीएमआयने जोडला असेल तर टीव्हीवर ज्या पोर्टजवळ 'एआरसी' (ARC) लिहिलंय त्यातच वायर लावा, टीव्हीचा आवाज साउंडबारकडे त्यातूनच जातो. २००९ च्या एचडीएमआय १.४ पासून ही सोय आली, त्याआधीच्या टीव्हीत ती मिळणार नाही.

लाइन जाऊन आल्यावर सगळाच आवाज गेला, असंही आपल्याकडे होतं. तेव्हा टीव्ही, साउंडबार, स्टिक तिन्हींचे प्लग काढा, दोन मिनिटं थांबा, आधी टीव्ही आणि साउंडबार सुरू करा, शेवटी स्टिक. आणि ब्लूटूथ हेडफोन कुठे जोडलेला राहिलाय का, तेवढं बघून घ्या. सगळा आवाज गुपचूप त्यातच जात असतो.

एवढं करूनही सिनेमा मुकाच राहिला, तर अॅपमध्ये भाषेच्या यादीत '५.१' न लिहिलेला ट्रॅक लावून बघा आणि टीव्हीचं मॉडेल इथे लिहा. आपण पुढे पाहू.