ससा शूर नसला तरी चालेल

मुलांच्या चित्रपुस्तकासाठी तुम्ही लिहिलेल्या गोष्टीतला लंगडा ससा शेवटी सगळ्यांचा जीव वाचवतो आणि मग कळप त्याला जवळ घेतो. तेवढं बदला, मनापासून सांगते. ऐकणाऱ्या मुलाला त्यातून एवढंच कळतं, की पराक्रम केल्याशिवाय मला कुणी आपलं म्हणणार नाही. डॅनिश लेखक अँडरसनच्या १८४३ सालच्या गोष्टीतलं कुरूप पिल्लूही राजहंस निघतं, तेव्हाच त्याचं कौतुक होतं. सगळीच पिल्लं राजहंस निघत नाहीत हो.

त्यापेक्षा साधा प्रसंग घ्या. शाळेची घंटा वाजली की दचकून कान झाकणारी मुलगी. बाकीचे हसतात, शेजारची नुसती बघत असते. एक दिवस घंटेची वेळ होत आली तशी शेजारची हळूच म्हणते, "आता वाजेल हं." ही वेळेवर कान झाकते. घंटा वाजून जाते, दोघी पुन्हा वहीत डोकं घालतात. बस्स! इथे शिक्षकांच्या तोंडी भाषण घालू नका. चित्रपुस्तक बहुधा ३२ पानांचं असतं, उपदेशाला जागा कुठून आणणार?

लिहून झालं की एखाद्या मुलाला मोठ्याने वाचून दाखवा. ते जिथे चुळबुळ करेल तिथे कात्री लावा.