आजीची मजुरी धरलीत का?

प्रश्न: मी मूळची सांगलीची. लग्नानंतर अठरा वर्षं फिलिपिन्सला, लगुना प्रांतातल्या बिन्यान गावी सासरी आहे. सासूबाई पुतो (तांदळाचा वाफवलेला केक) आणि बिबिंका (निखाऱ्यांवर भाजलेला तांदळाचा केक) विकतात. मुलगी अकरावीत आहे. डिसेंबरात आजीबरोबर दुकानावर बसली आणि आता म्हणते, कॉलेज नको, हाच धंदा करणार. तिने नर्सिंग करावं असं मला वाटतं. काय करू?

उत्तर: ताई, मुलीने दुकान पाहिलं ते सिंबांग गाबीत, म्हणजे नाताळआधीच्या नऊ पहाटप्रार्थनांच्या दिवसांत. १६ ते २४ डिसेंबर, पहाटेची प्रार्थना आटोपून माणसं चर्चबाहेर पडतात आणि बिबिंकाच्या शेगडीशी गर्दी होते. वर निखारे, खाली निखारे, केळीच्या पानाचा वास. त्या नऊ दिवसांत कुणीही या धंद्याच्या प्रेमात पडेल. गणपतीतल्या उकडीच्या मोदकांचा गल्ला बघून आपण वर्षाचा हिशेब मांडतो का? तिला भर पावसाळ्यातल्या एखाद्या मंगळवारी बसवा.

आणि तीन महिने वही लिहायला लावा. तांदूळ, नारळ, साखर, गॅस, उरलेला माल, आणि आजीची मजुरी. तांदूळ भिजवणं, वाटणं, ते गालापोंग (वाटलेल्या तांदळाचं ओलं पीठ) आंबवणं, पहाटे वाफवणं, याला रोज किती तास जातात? त्यासाठी बाहेरची बाई ठेवली तर काय द्यावं लागेल, तो आकडा खर्चात धरायचा. घरगुती खाद्यधंद्यात नफा म्हणून जे दिसतं ते पुष्कळदा घरच्या बायकांचा न दिलेला पगार असतो. आपल्याकडच्या पोळीभाजी केंद्रांतही मी हेच पाहिलंय. मजुरी वजा करून काही उरलं, तर तो धंदा. नाहीतर आजी थकली की शटर खाली.

नर्सिंगचं म्हणाल, तर तुमच्या पत्रात ‘मला वाटतं’ आहे, तिला वाटल्याचं कुठे दिसत नाही.

कॉलेज मात्र सोडू देऊ नका. पुतोची खरी अडचण टिकण्याची आहे. दमट हवेत लवकर आंबतो, फ्रिजमध्ये ठेवला की कडक होतो. म्हणून गिऱ्हाईक गावापुरतं राहतं. यावरचं उत्तर फूड टेक्नॉलॉजीत आहे, आणि तो अभ्यासक्रम तुमच्याच प्रांतात, लोस बान्योसच्या सरकारी विद्यापीठात आहे. २०१७ च्या कायद्यामुळे तिथे पहिल्या पदवीला शिकवणी फी नाही. प्रवेश यूपीकॅट परीक्षेतून. चुरस मोठी असते, तयारी आत्तापासून हवी. नाहीच जमलं तर टेस्डाचे (तिथल्या सरकारी कौशल्य-प्रशिक्षण संस्थेचे) छोटे कोर्स आहेत.

दुकान बारांगाय मायक्रो बिझनेस (तिथली अगदी छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी) म्हणून नोंदवलंय का, तेही बघा. जमीन सोडून ३० लाख पेसोपर्यंत मालमत्ता असेल तर धंद्याच्या उत्पन्नावर आयकर माफ होतो.

दरम्यान शनिवार-रविवार तिला तराजू घेऊन आजीशेजारी उभं राहू दे. आजीचं ‘अंदाजाने’ म्हणजे किती ग्रॅम, हे अजून कुणी लिहून ठेवलं नसणार. आणि नात दुकानात यावी असं खुद्द आजीला वाटतं का, हे एकदा विचारा. तुमच्या पत्रात तिचं मत कुठेच नाही.