शंका-समाधान: ५०० अधिक ९० बरोबर ५००९०?

(छपाईत आकडे मराठी आहेत. कोड लिहिताना ते इंग्रजीच घ्यावेत.)

प्रश्न: दुकानाच्या बिलासाठी जावास्क्रिप्टमध्ये एक छोटं वेबपान केलं आहे. रक्कम ५०० टाकली की १८ टक्क्यांनी जीएसटी ९० बरोबर येतो, पण एकूण रक्कम ५००९० दिसते. गुणाकार बरोबर आणि बेरीजच चुकीची, हे कसं?

उत्तर: चौकटीत टाइप केलेली रक्कम 'व्हॅल्यू'मधून मजकूर म्हणूनच हाती येते, चौकटीचा प्रकार 'नंबर' ठेवला तरीही. गुणाकाराला मजकूर चालत नाही, म्हणून जावास्क्रिप्ट "५००" चा परस्पर आकडा करून घेते. अधिक चिन्हाला मात्र दोन कामं आहेत: बेरीज करणं आणि मजकूर जोडणं. दोहोंपैकी एक बाजू जरी मजकूर असली, तरी जोडणीच होते आणि ५०० ला ९० चिकटतात. कुठलीही एरर येत नाही, त्यामुळे अशी चूक थेट छापील बिलावरच दिसते.

रक्कम चौकटीतून वाचतानाच मजकुराचा आकडा करणाऱ्या 'नंबर()' मधून काढा, बेरजेच्या ओळीपर्यंत थांबू नका. त्याआधी चौकट रिकामी नाही ना ते 'ट्रिम()' करून (म्हणजे कडेच्या मोकळ्या जागा काढून) तपासा, कारण रिकाम्या मजकुराचा 'नंबर()' शून्य देतो आणि शून्य रुपयांचं बिल बिनबोभाट तयार होतं.

मजकुरातून आकडा काढणारं 'पार्सफ्लोट()' सोपं वाटतं, पण पैशांसाठी आम्ही ते वापरू नका असंच सांगू. ग्राहकाने "१,२५०" असा स्वल्पविराम देऊन आकडा टाकला, तर ते स्वल्पविरामापाशी थांबतं आणि १ हातात देतं. 'नंबर()' तिथे 'नॅन' ('हा आकडा नाही' अशी खूण) देतो, म्हणजे निदान चूक पकडता येते. साध्या मजकूर-चौकटीत कुणी मराठी कीबोर्डवरून ५०० टाकले तरी 'नॅन'च मिळतो. तेव्हा आधी स्वल्पविराम काढा, मराठी आकडे इंग्रजीत बदला, मगच 'नंबर()' लावा. 'नॅन' ओळखायला 'नंबर.इजनॅन()' वापरा. 'नॅन' स्वतःशीही समान नसतो, त्यामुळे === या तुलनेच्या चिन्हाने तो कधीच सापडत नाही.

एवढं करूनही बेरीज पुन्हा बिघडली, तर 'टूफिक्स्ड(२)' कुठे आहे ते पाहा. ते दोन दशांश दाखवतं खरं, पण परत देतं मजकूर! कर ९० ऐवजी "९०.००" झाला की एकूण "५००९०.००" होते. 'टूफिक्स्ड' फक्त पडद्यावर दाखवण्याच्या शेवटच्या ओळीत ठेवा.

प्रश्न: जावास्क्रिप्टमध्ये गुणांची यादी लहानापासून मोठ्यापर्यंत लावायला 'सॉर्ट()' केली, तर १००, ४०, ९ असा क्रम आला.

उत्तर: 'सॉर्ट()'ला काही सांगितलं नाही तर ते आकडेही मजकूर समजून अक्षरवार लावतं. सॉर्ट((अ, ब) => अ - ब) असं लिहा.

प्रश्न: पीएचपीमध्ये मालाचा कोड यादीत आहे का ते 'इन_ॲरे'ने तपासतो. यादीत १०० हा कोड आहे. नवा कोड १ई२ (यातला ई इंग्रजी) टाकला, तर तो आधीच आहे असं सांगतं.

उत्तर: 'इन_ॲरे' आतून == ने तुलना करतं. दोन्ही मजकूर आकड्यासारखे दिसत असले, तर पीएचपीचं == त्यांची तुलना आकडे म्हणून करतं. १ई२ म्हणजे १ गुणिले १० चा वर्ग, म्हणजेच १००. याच कारणाने "००७" आणि "७" सुद्धा समान ठरतात. नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या पीएचपी ८ ने ० == "अबक" खरं ठरणं बंद केलं, पण तुमची अडचण त्यातही कायम आहे. 'इन_ॲरे'ला तिसरा घटक 'ट्रू' द्या आणि बाकी सगळीकडे === (प्रकारही जुळतो का ते पाहणारी तुलना) लिहा. कोड यादीत आणि नव्या नोंदीत दोन्हीकडे मजकूर म्हणूनच ठेवा, नाहीतर === ला १०० आणि "१००" वेगळे वाटतील.

लॉगिनच्या कोडमध्ये == असेल तर ते आजच बदला. २४०६१०७०८ या मजकुराचा एमडी५ हॅश (मजकुरापासून एमडी५ पद्धतीने काढलेला ठरावीक लांबीचा संकेत) ०ई ने सुरू होतो आणि पुढे सगळे आकडेच आहेत, म्हणजे == च्या लेखी तो शून्य. तशाच घडणीचा दुसरा कोणताही हॅश त्याच्याशी जुळतो आणि चुकीच्या पासवर्डने दार उघडतं. पासवर्डसाठी 'पासवर्ड_हॅश' आणि 'पासवर्ड_व्हेरिफाय' ही जोडीच वापरा. इतर हॅश तपासायला 'हॅश_ईक्वल्स' आहे.